माझ्या नावानं आंघोळ केलेल्या बापास

बायरॉइट, जर्मनी
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

आबा,

मेलेल्या लेकीनं बापाला 'तीर्थरूप' लिहायचं असतंय का न्हाई, हे मला कुणी शिकवलेलं न्हाई. म्हणून नुसतं आबा लिहायले.

पाडव्याच्या दिवशी सगळं चुडावा गाव उटणं लावून ऊन पाण्यानं आंघोळ करायलं होतं, अन् तुमी हौदावर उभं राहून धोतरासकट थंड पाण्याची बादली डोक्यावर घेतली. माझ्या नावानं. वर मोठ्यानं म्हणले, "बन्सीधरची पोरगी ज्ञानेश्वरी आजपासून मेली." शेजारच्या कडूबाई आजीच्या हातातली पणती खाली पडली. मी तुमच्याच लेकाच्या, आदिनाथच्या गाडीवर मागं बसले होते, ब्याग मांडीवर. मी सगळं बघितलं, आबा. अन् मी रडले न्हाई, हे बी लिहून ठेवा.

फोन तुमी उचलत न्हाई, मायला उचलू देत न्हाई. म्हणून हा कागद. फाडायचा आसंल तर वाचून फाडा.

गुन्हा काय माझा, तर मानवतची सोयरीक मोडली. आडतीवाल्याचं घर, पोरगा बी चांगला आसंल, मला त्येच्याशी भांडण न्हाई. पर त्येंची अट होती, नर्सची नोकरी सोडायची. मी परभणीला नर्सिंग शिकले, नांदेडच्या दवाखान्यात रातपाळ्या केल्या, त्येच्यातून येळ काढून ही जीभ वाकडी करणारी जर्मन भाषा शिकले, ते काय आडतीवर आलेल्या लोकांना चहा द्यायला? तुमी मला न इचारता सुपारी फोडली. मी तुमाला न इचारता व्हिसा काढला. फिटाफिट झाली.

आता पोचले ते सांगते. तुमाला वाटलं आसंल, इमानातच घाबरती अन् परत येती. इमानाचं काय न्हाई, इमानात नुसतं बसून राहायचं असतंय. घोळ झाला रेल्वेत. हसू नका. व्हय, रुळाकाठच्या चुडाव्याच्या पोरीचा घोळ रेल्वेतच झाला.

पूर्णा जंक्शनला डबे कापतात हे आपल्या गावच्या शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय. पर पूर्णेला डबे कापायचे म्हणजी केवढा दंगा! धक्के बसतेत, गार्ड ओरडतो, चहावाला फेऱ्या मारतो, अन् आर्धी गाडी खाली उतरून बघती की आपला डबा कुणीकडं चालला. इथं न्युर्नबर्गहून निघालेली गाडी मध्येच एका ठेसनावर उभी राहिली. भोंग्यातून एक बाई कायतरी बोलली, मला निम्मं कळलं. डबे कापणार आसं वाटलं मला, न्हाई आसं न्हाई. पर म्हणलं, कापायचे आसतील तर धक्का बसंलच की, तव्हा उतरू. धक्का न्हाई, शिट्टी न्हाई, काई न्हाई. म्होरचे डबे बायरॉइटला गेले अन् माझे मागचे डबे मला घेऊन भलत्याच डोंगरात निघाले.

तिकीट बघणाऱ्यानं तिकीट बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् कपाळाला हात लावला. कपाळाला हात लावायची रीत इथं बी हाय, हे काल कळलं. तो बोलला ती जर्मन अन् मी शिकलेली जर्मन ह्येच्यात पुण्याच्या अन् आपल्या मराठीइतका फरक. एका बारक्या ठेसनावर त्येनं मला उतरवून दिलं.

रविवार होता. आबा, मला वाटलं दंगल झाली का काय, कर्फ्यू लागलाय. दुकान बंद, हॉटेल बंद, रस्त्यावर कुत्रं सुदीक न्हाई. माझ्या फोनातलं कार्ड चालंना. थंडी आशी की नाक हाय का गेलं ते हात लावून बघावं लागायलं. बाकड्यावर बसून मायनं दिलेले धपाटे काढले. चोरून दिलेले हायेत, तिला बोलू नका. भाऊबीज होती. आदिनाथला तिथंच बसून मनातल्या मनात ओवाळलं अन् खाल्लं पोटभर.

परतीची गाडी मिळून बायरॉइटला आले तव्हा आंधार पडला होता. घ्यायला आलेला माणूस वाट बघून गेला होता. ब्यागचं चाक तुटलं, ती फरफटत इचारत इचारत गेले. मी काम करणार तो वृद्धाश्रम सापडला. दार उघडलं ते तिथल्या मोठ्या बाईनं, फ्राऊ लांग नाव. फ्राऊ म्हणजी बाई. तिनं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. म्हणली, "तुम्ही उशिरा आलात."

मी म्हणलं, "व्हय. पर आले."

तुमच्यासाठी बी तेच उत्तर हाय.

तुमची मेलेली पोरगी,
ज्ञानेश्वरी


बायरॉइट
रविवार, २४ नोव्हेंबर

आबा,

आदिनाथ सांगायला होता, पहिला कागद तुमी वाचला का न्हाई ते म्हाईत न्हाई, पर फाडलेला कुठं दिसला न्हाई. बरं.

आजून एक सांगितलं त्येनं. तुमी पारावर बसून म्हणले म्हणं, "होळीपर्यंत दारात उभी राहती बघा ही पोरगी." अन् मानवतचे लोक बी होळीपर्यंत थांबायला राजी हायेत. आवो आबा, मेलेली पोरगी होळीला दारात कशी उभी राहील? कायतरी एक ठरवा की.

पर तुमच्यापासून लपवून काय करू. माझी इथली नोकरी पक्की न्हाई. सुरुवातीचे सा महिने पारखायचे असतेत. त्येवढ्यात त्येंना वाटलं की ही बाई चालत न्हाई, तर हातात कागद देऊन परत पाठवतेत. म्हणजी तुमचं होळीचं भाकीत खरं व्हायला जागा हाय. म्हणून मी लय सांभाळून राहायले. तुमाला जिंकू देणार न्हाई.

शहर कसं हाय म्हणाल तर चकाचक हाय, अन् गप हाय. लोक वाईट न्हाईत. दारात भेटले की नमस्कार घालतेत, पर "जेवल्या का?" म्हणून कुणी इचारत न्हाई. पहिल्या आठवड्यात मीच एकीला इचारलं. ती म्हणली, "का? तुम्हाला भूक लागली आहे का?" तव्हापासून इचारत न्हाई. रस्त्यात गाडी नसली तरी लाल दिवा हाय म्हणून माणसं उभी. मी एकदा आपली गेले पलीकडं, तर एक म्हातारा मागून ओरडला, "लेकरं बघतात!" मी मागं वळून बघितलं, लेकरू कुठंच नव्हतं. तरी मी परत आले अन् दिव्याखाली उभी राहिले. तुमाला हे बघायला मिळायला पायजे होतं. तुमच्या कुठल्या हुकमाला आशी वळले न्हाई मी.

भाकर इथं बी हाय, पर ती पावाची. टणक, आंबट. सकाळी पाव, सांजंला पाव. एका दुकानात ज्वारीचं पीठ सापडलं, दळलेलं कवाचं कुणाला ठाऊक. थापायला गेले तर चिरा पडल्या. तरी खाल्ली. लय ग्वाड लागली म्हणून लिहायले, अन् ते खोटं हाय.

माझ्या वाट्याला जी म्हातारी माणसं हायेत, त्येच्यात एक फ्राऊ क्रेमर हाय. नव्वदी ओलांडलेली. पहिल्या दिवशी मला हात लावू देईना. "हात थंड आहेत हिचे, दुसरी आणा." मी गरम पाण्यात हात धरून परत गेले. तिनं माझा तळवा धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटानं दाबून बघितला. म्हणली, "शेतात काम केलंय का?" मी म्हणलं, व्हय, कापूस येचलाय, सोयाबीन काढलंय. तिचं तोंड असं खुललं! ती बी शेतकरीण निघाली. गाई होत्या तिच्या. मंग आमचं जमलं. किती दूध, कोणती गाय लाथ मारायची, नवरा कसा आळशी होता, सगळं सांगती. मी बी सांगते. तुमच्याबद्दल इचारलं तिनं. मी म्हणलं, माझा बाप लय हट्टी हाय. ती म्हणली, "मग तू कोणावर गेलीस?"

तिला एक पोरगा हाय, लांब हाम्बुर्गला. रविवारी फोन करतो. आज बी केला. ती फोनवर पाच शब्द बोलती, अन् फोन ठिवल्यावर माझ्याशी तासभर.

थंडीची फिकीर करू नका. तुमी करत नसालच, पर मायला सांगा.

मेलेली,
ज्ञानेश्वरी


बायरॉइट
गुरुवार, १२ डिसेंबर

आबा,

हा कागद पुरा वाचा. मधातच घडी घालून खिशात ठिवू नका.

मंगळवारी दुपारी जेवणं झाल्यावर फ्राऊ क्रेमर गेली. त्रास काई झाला न्हाई. मी तोंड पुसायला गेले अन् ती नव्हतीच. डॉक्टर आले, बघून गेले. खोलीची खिडकी उघडली, एक मेणबत्ती लावली, दार ओढून घेतलं. इतकं त्येंनी नीट केलं, खोटं कशाला बोलू. पोराला फोन लावला. तो म्हणला, मातीला येतो, पुढच्या आठवड्यात. मयत न्यायला माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

अन् मंग सगळे कामाला लागले. कुणी कपड्यांच्या घड्या घालायलंय, कुणी चहा वाटायलंय. त्या बंद दाराच्या आत ती एकटी.

आबा, आपल्यात मयत एकटं ठिवतेत का? तुमीच सांगा. लेकरू का म्हातारं, गरीब का कुणी, उशाला माणूस बसलेलं असतंय, अन् बाया गळा काढतेत. गावातली कुणाची का आसंना. आजी गेली तव्हा जिच्याशी तिचं उभं भांडण होतं ती कडूबाई आजीच सगळ्यात मोठ्यानं रडली होती, सगळ्यांच्या आधी. कुणी रडलं न्हाई म्हणजी त्या माणसाचं कुणी नव्हतंच, असं होतंय.

माझी ड्यूटी संपली. मी डगला काढला, आत गेले, उशाला बसले. नुसतं बसायचं होतं, देवाशपथ. बाहेरून कपबशांचा आवाज यायला होता. कुणी हसायलं होतं. मला ते सहन झालं न्हाई. मी तिच्या हातावर हात ठिवला अन् गळा काढला. आपल्यासारखा. "माझे माय गं, तुझ्या गाई कोण पिळंल गं, आता मला शेतातलं कोण इचारंल गं..." पहिला हुंदका तिच्यासाठी होता. पुढचे कुणासाठी होते ते तुमी इचारू नका अन् मी सांगणार न्हाई.

तुमाला आवाज म्हाईत हाय माझा. गाडीच्या शिट्टीवर मायला हाका मारणारा आवाज हाय तो. ह्या घरात मोठ्यानं कुणी शिंकत सुदीक न्हाई. अख्खा मजला हादरला. एका म्हाताऱ्यानं धोक्याची घंटी दाबली. एक म्हातारी लढाई लागली म्हणून पलंगाखाली जायला निघाली. चाकाच्या खुर्च्या सगळ्या दारात जमा झाल्या. फ्राऊ लांग पळत आली, तिनं माझे खांदे धरले अन् म्हणली, "काय झालं? कोणी मारलं तुम्हाला?"

मी म्हणलं, कुणी न्हाई. माणूस मेलंय.

दुसऱ्या दिवशी तिनं मला आफिसात बोलवलं. ती वाईट बाई न्हाई, आबा. तिचं बी खरं हाय. म्हातारी माणसं घाबरली, एकाचं बीपी चढलं. नर्स मीच हाय, मला कळायला पायजे होतं. ते मला मान्य हाय. पर तिनं एक कागद म्होरं ठिवला. त्येच्यात लिहिलेलं की मयताजवळ मोठ्यानं शोक करणं ही माझी चूक होती, मला त्येचा पश्चात्ताप हाय, अन् आसं मी परत कधी करणार न्हाई. खाली सहीला जागा. सही केली तर नोकरी चालू. न्हाई केली तर जानेवारीत संस्थेचे मोठे साहेब येतेत, ते ठरवतील. म्हणजी परत पाठवतील. मधी नाताळ हाय, नाताळात इथं सगळंच बंद.

लोक घाबरले त्येची माफी मी मागंन. दारोदार जाऊन मागंन. पर मेलेल्या माणसाला रडणं ही चूक हाय, आसं मी लिहून देणार न्हाई. जीव गेला तरी न्हाई. परत पाठवायचं तर पाठवा म्हणावं.

तुमाला आनंद झाला आसंल. होळीच्या आधीच तुमचं खरं होतंय. मानवतवाल्यांना निरोप धाडायचा आसंल तर जरा दम धरा. मी आले तरी त्या घरात जाणार न्हाई, हे आत्ताच सांगून ठिवते. नांदेडला खोली करीन. तुमच्या हौदावर पाणी सुदीक पेणार न्हाई.

आन् एक इचारते. तुमी माझ्या नावानं आंघोळ केली त्या दिवशी, माझ्यासाठी कुणी रडलं का न्हाई?

ज्ञानेश्वरी


बायरॉइट
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

आबा,

आता खरं सांगते. मागच्या कागदात जीव गेला तरी न्हाई म्हणून लिहिलं होतं. ते लिहिलं त्येच्या दुसऱ्याच आठवड्यात माझं मन मोडलं.

नाताळाचे दिवस होते. खिडकीत सगळ्यांच्या दिवे, माझ्या खोलीत मी. रोज त्यो कागद काढायचा अन् वाचायचा. वाटायचं, काय फरक पडतोय? दोन ओळी हायेत, त्या बी त्येंच्या भाषेत. देवाला मराठी कळती, जर्मनचं काय म्हाईत. सही केली तर कुणाला कळणार? तुमाला तर कळणारच न्हाई. परत आले अन् तुमी पारावर बसून मिशीवरून हात फिरवला, हे डोळ्यापुढं यायचं अन् हात पेनाकडं जायचा. म्हणजी सही मी करणार होते. नक्की करणार होते. पेन आणून ठिवलं होतं.

तवा फोन वाजला. आदिनाथचा नंबर. मी हॅलो म्हणलं. तिकडून कुणी बोलंना. मागं रेल्वे गेली, तिची शिट्टी आली. अन् श्वास यायला होता. आबा, बिडी सोडली तरी तुमचा श्वास तसाच वाजतो. मला काय आदिनाथचा श्वास कळत न्हाई का?

मंग तुमी बोलले. "सही करू नको."

मी म्हणलं, "आबा?"

"तुझी चूक न्हाई. मयताला रडावंच लागतंय. त्येंला म्हणावं, माझ्या बापानं सांगितलंय." अन् कापला फोन.

मी मंग काय केलं ते लिहीत न्हाई. तुमाला आवाज म्हाईत हाय माझा. ह्या येळंला मात्र तोंडात उशी धरली होती, घंटी कुणी दाबली न्हाई.

काल साहेब आले. त्येच्या आधी मी सगळ्या खोल्यांत जाऊन एकेका म्हाताऱ्याची माफी मागून आले होते. फ्राऊ ब्रांट म्हणून एक रिटायर मास्तरीण हाय, चाकाच्या खुर्चीवर असती, मला शब्द दुरुस्त करून देत असती. ती म्हणली, "तुम्ही मला भयंकर घाबरवलं." मी मान खाली घातली. ती म्हणली, "माझ्या वेळेला जरा हळू रडा. पण रडा." अन् लगेच पेपर वाचायला लागली.

साहेब उंच, टकला, गंभीर माणूस. कागद म्होरं ठिवला. मी म्हणलं, लोकांना घाबरवलं, ते चुकलं, माफी मागून आले. खोलीत, दार लावून, हळू, ह्येच्यापुढं तसं करीन. पर रडणं चूक हाय, ह्येच्यावर सही करणार न्हाई. त्येनं इचारलं, का? मी म्हणलं, "माझ्या बापानं सांगितलंय."

फ्राऊ लांगनं डोळे मोठे केले. तो म्हणला, "तुमचे वडील काय करतात?" म्हणलं, शेती. म्हणला, "आणि तुमच्या नोकरीबाबत ते ठरवतात?" म्हणलं, "न्हाई. नोकरीबाबत ते माझ्या विरोधातच हायेत. ह्या एकाच गोष्टीत आमचं एकमत हाय."

त्येनं कागद आपल्याकडं ओढला. मंग पेन काढलं अन् ती चुकीची अन् पश्चात्तापाची ओळ खोडली. मजल्यावर मोठ्यानं आवाज करायचा न्हाई, तेवढं ठिवलं. "आता?" मी म्हणलं, "तोंडी कबूल करते. सही नको." तुमी सही करू नको म्हणले होते, कोणत्या ओळीवर ते सांगितलं नव्हतं. त्येनं फ्राऊ लांगकडं बघितलं, तिनं आढ्याकडं. शेवटी तोंडीवर मिटलं.

मला ठिवून घेतलंय, आबा. माझ्या खरेपणासाठी ठिवलं आसं मी सांगणार न्हाई. इथं माणसं मिळंना झालेत, हे बी एक कारण हाय, अन् मोठं हाय. पारख आजून चालूच हाय. पर परत पाठवलं न्हाई, अन् खोटं लिहून बी दिलं न्हाई.

मायनं आज फोन केला. उजागरीनं केला, तुमच्या म्होरं. ती म्हणली, माझा कागद तुमी तिला वाचून दाखवला. मधी थांबले म्हणं, चष्मा पुसला म्हणं. मी म्हणलं, पुसू दे, धूळ लय हाय आपल्याकडं.

आता माझं ऐका. मेलेल्या माणसाला कुणी फोन लावत न्हाई. तुमी लावला. पारावर लोकांना काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा, मी काई मदत करणार न्हाई. मानवतच्या लोकांना मात्र उद्याच कळवून टाका, पोरीची वाट बघू नका म्हणावं, ती कामाला लागलीय.

अन् पुढच्या येळंला फोन कापायचा न्हाई. माझं बोलून झाल्याबिगर तर न्हाईच.

तुमची पोरगी,
ज्ञानेश्वरी